चौसष्ट वर्षांचं गंध

माझ्याकडे एकतीस चाकू आहेत आणि त्यांतल्या एकानेही मी कधी कोणाला भोसकलेलं नाही. हे आधीच सांगून ठेवते. तंजावूरच्या आमच्या मेलवीदी गल्लीत बेचाळीस वर्षांची, बिनलग्नाची, तालुका कचेरीत टायपिंग करणारी बाई चाकू जमवते म्हटलं की लोक पहिलं हेच विचारतात. दुसरा प्रश्न, लग्न का नाही झालं. या दोन प्रश्नांचा एकमेकांशी संबंध आहे असं माझ्या वहिनीचं, सरस्वतीचं, ठाम मत होतं. पाहुणे आले की ती माझा बिस्किटांचा डबा, ज्यात चाकू असत, तांदळाच्या पिंपात लपवायची. पाहुणे गेले की मी चाकूंतून तांदूळ वेचत बसायची.

माझा चाकू मिटणारा हवा. जो मिटत नाही तो विळीचा भाऊ, त्याने स्वयंपाकघरात राहावं. आणि त्याची किंमत मेसमधल्या एका जेवणाहून जास्त नको. चाकू घेतला त्या दिवशी मी डब्यातला दहीभात खायची आणि कोणाच्या बापाचं काही देणं लागत नाही अशा थाटात कचेरीत परत यायची. पगारच तेवढा होता. एवढ्या पैशांत रविवारी जुन्या बसस्टँडमागे, भंगारवाले गोणपाट पसरून बसत तिथे, काय काय मिळायचं! मोडक्या टोकाचे, गंजून घट्ट झालेले, मुठीची एक बाजू गेलेले. घरी आणायचे, रॉकेलमध्ये दोन दिवस बुडवायचे, राखेनं घासायचे, बिजागरीत शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडायचा. मग एका क्षणी पातं हलतं आणि खट् करून मिटतं. तो आवाज ज्याने ऐकला नाही त्याला मी समजावून सांगू शकत नाही, आणि समजवायला जातही नाही.

नव्वदनंतरच्या त्या वर्षांत देशाची दारं उघडली म्हणे. तंजावूरला त्या दारातून सगळ्यांत आधी चिनी चाकू आले. लाल मूठ, अकरा हत्यारं, आणि पेरूवर टेकवला की पातं वाकून नमस्कार करायचं. पण ते चकचकीत पाहून लोक घरातले जुने चाकू भंगारात टाकायला लागले. उदारीकरणाचा मला झालेला फायदा तो एवढाच.

आता कट्यारीकडे येते.

माझा थोरला भाऊ रघुनाथ, म्हणजे अण्णा, वीज मंडळात कारकून आणि आमच्या मराठी मंडळींच्या वंशज संघाचा अध्यक्ष. संघाचे सभासद अकरा, त्यांतले दोघे कॉफीसाठी येत. अण्णाचं सगळं अध्यक्षपण उभं होतं ते देवघरातल्या एका वस्तूवर. आमचे आजोबा रघोजी, त्यांना राजांनी स्वहस्ते दिलेली कट्यार. तंजावूरचं राज्य १८५५ साली संपलं आणि आजोबा जन्मले १८८७ साली. हे गणित मी अण्णाला एकदा करून दाखवलं होतं. तो आठ दिवस माझ्याशी बोलला नाही.

ती कट्यार कोणी पाहिली होती म्हणाल, तर कोणीच नाही. त्याचं कारण आमची खंडेनवमी. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारं पूजेला लागतात. शेजारचे तमिळ लोक त्यालाच आयुधपूजा म्हणतात आणि करवतीपासून स्कूटरपर्यंत सगळ्याला गंध फासतात. कचेरीत माझ्या टाइपरायटरलाही लागतं, मग महिनाभर स्पेस बार चिकटतो. हत्यार एकदा पूजेला ठेवलं की ते देवाचं. दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा करायची, अक्षता टाकायच्या, मगच उचलायचं. तोवर हलवायचं नाही, वापरायचं नाही, धुवायचंही नाही. रघोजी आजोबांनी एका खंडेनवमीला कट्यार देवापुढे ठेवली आणि उत्तरपूजा केलीच नाही. राजांची वस्तू देवापुढून उठवायची नाही, असं म्हणाले. तेव्हापासून दर वर्षी जुन्या गंधावर नवं गंध, जुन्या कुंकवावर नवं कुंकू. चौसष्ट वर्षांत त्या वस्तूचा आकार भाजलेल्या रताळ्यासारखा झाला होता. ती कट्यार आहे हे फक्त श्रद्धेने कळायचं. मला तिचं काही कौतुक नव्हतं, कारण कट्यार मिटत नाही.

शहाण्णव साली हरिणीला स्थळ आलं. हरिणी अण्णाची एकुलती एक मुलगी, तिरुचीला कॉलेजात शिकलेली, मराठी सगळं समजणारी पण उत्तर देताना निम्म्या वाटेत तमिळवर उतरणारी. मुलगा सतीशकुमार, मद्रासला कम्प्युटर कंपनीत. मुलाचे वडील वैद्यनाथराव आमच्यासारखेच तंजावूरकडचे, आणि घराण्याच्या बाबतीत अण्णाला तोडीस तोड. त्यांचेही कोणी रिसालदार होते. दोन्हीकडच्या पत्रांत इतक्या लढाया होत्या की मधेच लग्नाचा विषय आहे हे विसरायला व्हायचं. शेवटी निरोप आला: हुंडा नको, दागिना नको. मुलाच्या आजी वेंकूबाई यांची एवढीच इच्छा आहे की रघोजींच्या देवघरातली ती वस्तू मुलीबरोबर द्यावी.

अण्णाला दोन दिवस झोप लागली नाही. कट्यार जाणार याचं दुःख, आणि हुंडा वाचणार याचा आनंद. तिसऱ्या दिवशी आनंद जिंकला. शिवाय वैद्यनाथरावांसारखा माणूस आपल्या कट्यारीसाठी हात पसरतो, यातही मोठेपण होतंच. आधीचं एक स्थळ पत्रिकेतल्या कुठल्याशा फालतू गोष्टीवरून मोडलं होतं, त्यामुळे या वेळी कुठेही खोट राहू द्यायची नाही असं त्याने ठरवलं. त्याने रीतसर उत्तरपूजा केली, अक्षता टाकल्या, तो गोळा ताटात उचलला आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला.

"मंगला, तूं ते चाकू घासतेस नं," तो म्हणाला, "तसें हें पण घासून दे. रविवारी ते लोक येताहेत."

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. बारा वर्षं ज्या छंदाला घरात कलंक म्हणत होते, त्याचं नाव या माणसाने न ओरडता घेतलं होतं.

मागच्या पडवीत बसले. कढत पाणी, चिंच, रॉकेल. गंधाचे थर सुटायला लागले. एका थरात कुंकू लालभडक, एकात नुसतं विटकरी. ते वर्ष ओढगस्तीचं गेलं असणार. दोन मुंग्या निघाल्या, अक्षतेचा एक दाणा निघाला. मग हाताला हाड लागलं. सांबरशिंगाची मूठ, दोन्ही बाजू शाबूत. मग पातं, वीतभर लांब, आणि पात्याच्या मुळाशी बारीक इंग्रजी अक्षरं. मी पुसून वाचली. शेफील्ड.

राजांनी विलायतेहून मागवली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. तेवढ्यात बिजागरीतलं गंध विरघळलं आणि कट्यार माझ्या हातात मिटली.

खट्!

असा आवाज माझ्या एकतीसांपैकी एकाचाही नव्हता. साठ वर्षं चंदनात गाडलेली स्प्रिंग, आणि काल केल्यासारखी कडक. मला आधी आनंद झाला, हे कबूल करते. घराण्याची अब्रू, भाचीचं लग्न हे सगळं मागाहून आठवलं. मुठीच्या पाठीवर अजून एक चिकट गाठ होती. ती खरवडली, नखाने ओढली, तर एक मळसूत्री खिळा बाहेर आला.

अण्णाला बोलावलं. त्याने त्या खिळ्याला बोट लावून पाहिलं.

"हें काय आहे?"

"बूच काढायचा स्क्रू."

"कशाचें बूच?"

"अण्णा, गंगाजळाच्या गडूला बूच नसतं."

तो तिथेच उंबऱ्यावर बसला. वहिनी धावत आली, तिने पाहिलं आणि मलाच फैलावर घेतलं: तुझ्या हाताला लागून कट्यारीचा चाकू झाला. बारा वर्षांची भविष्यवाणी खरी ठरल्याचं समाधानही तिच्या चेहऱ्यावर होतं. अण्णा भानावर आला तो थेट उपाय घेऊनच. सुब्रमण्यमच्या वर्कशॉपात जायचं, बिजागरीला वेल्डिंग मारायचं, तो स्क्रू कापून टाकायचा, आणि वरून पुन्हा गंध थापायचं.

"वेल्डिंग?" मी म्हटलं. "त्यापेक्षा माझ्या मानेला मार."

"तुज चाकू मोठा कीं हरिणी मोठी?"

हरिणी दारात उभी राहून ऐकत होती. सतीशकुमार तिला तिरुचीच्या कॉलेजपासून माहीत होता आणि हे स्थळ कसं 'आपोआप' आलं हे घरात फक्त मला ठाऊक होतं. ती माझ्याजवळ येऊन बसली, हळूच म्हणाली, "अत्तै, मज तोच पाहिजे. कायतरी कर. प्लीज."

मी चाकू पदरात बांधून वर्कशॉपकडे निघाले. वाटेत अय्यन कालव्याच्या पुलावर थांबले. चाकू उघडला, मिटला, उघडला, मिटला. भाजीवाली बघायला लागली. असला चाकू माझ्या ऐपतीत या जन्मी येणार नव्हता, आणि तो मीच माझ्या पायांनी मारायला नेत होते. हरिणीचा चेहराही डोळ्यांपुढे होता. शेवटी मी वर्कशॉपला गेलेच नाही. घरी येऊन चंदन उगाळलं, त्यात डिंक घातला, बिजागरीत कोंबला, स्क्रू आत दाबला आणि वरून जाड लेप देऊन अण्णाला सांगितलं, झालं काम. डिंक ओला असेपर्यंत कोणी जोर लावला नाही म्हणजे मिळवली. ओला नाही राहिला तर देवाची कृपा. एका मुलीचं लग्न मी डिंकावर ठेवलं होतं, आणि हे मला पूर्ण कळत होतं.

रविवारी मंडळी आली. वैद्यनाथराव गुलाबी फेट्यात. तंजावूरच्या त्या उकाड्यात फेटा बांधणारा माणूस काय लायकीचा असेल ते ओळखा. सतीशकुमार हरिणीकडे बघायचं नाही असं ठरवून आल्यासारखा छताकडे बघत होता. आणि वेंकूबाई: चौऱ्याहत्तर वर्षांची, नऊवारी, पाठ ताठ, आणि नजर सरळ माझ्याकडे, कारण कचेरीतल्या शाईचे आणि राखेचे डाग माझ्या बोटांवरून कधी जात नाहीत.

अण्णाने भाषण केलं. रणांगण, राजे, स्वहस्ते. वैद्यनाथरावांनी उत्तरादाखल रिसालदारांचं भाषण केलं. वहिनीने फळांचं तबक आणलं, कट्यारीचं तबक आणलं. वैद्यनाथराव उठून फेटा सावरत कट्यार कपाळाला लावणार, इतक्यात वेंकूबाईंनी हात पुढे करून ती आधी उचलली. वर-खाली पाहिली. लेपावरून अंगठा फिरवला. तो अंगठा चाचपडला नाही. नेमका पात्याच्या पाठीवर जिथे जोर लावायचा तिथेच गेला. असा अंगठा फक्त चाकूवाल्याचा असतो.

डिंकाने दम धरला नाही. चंदनाचे ढलपे उडाले, वैद्यनाथरावांच्या फेट्यावर पडले, आणि भर बैठकीत आवाज झाला.

खट्!

अण्णाने माझ्याकडे असं पाहिलं की लहानपणापासूनची सगळी भांडणं त्यात आली. हरिणीने डोळे मिटून घेतले. मी तोंड उघडलं. चूक माझी आहे, मुलीला यातलं काही ठाऊक नाही, असं काहीतरी म्हणणार होते. पण त्याआधी ती म्हातारी हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले.

"मिटला," ती म्हणाली. "अजून मिटतो! अगे, हा माझ्या आप्पांचा पेनाकत्ती."

"आई," वैद्यनाथराव म्हणाले, "आजोबा तर रिसालदार..."

"रिसालदार तुझ्या बापाने केलें त्यांस, पत्रिका छापताना. आप्पा कलेक्टरसाहेबाचे बटलर. साहेब विलायतेस गेला तेव्हां हा देऊन गेला. बाटली उघडायला तुज रिसालदार लागतो कां?"

मग तिने सांगितलं. तिच्या आप्पांची आणि आमच्या रघोजींची पत्त्यांची बैठक असायची. एका अष्टमीच्या दुपारी आप्पा हरले, खिशात काही नव्हतं, म्हणून चाकू लावला आणि तोही गेला. दुसऱ्या दिवशी पैसे घेऊन सोडवायला आले, तर रघोजींनी तो खंडेनवमीच्या पूजेत ठेवलेला. आज हलवता येत नाही, उद्या या. उद्या आले, तर उत्तरपूजा अजून व्हायचीय. परवा आले, तर तेच. रघोजी देवाच्या आड दडून बसले होते, आणि देवापुढे कोण काय बोलणार?

"चौसष्ट वर्षें झालीं," वेंकूबाई म्हणाल्या, "तुमचें उद्या अजून आलें नाहीं. म्हणून म्हटलें, हुंडा नक्को, ती वस्तू द्या. चाकू मागतें म्हटलें असतें तर तुम्ही कोठें दिला असतांत?"

चोरीचा माल चौसष्ट वर्षं पुजला, अशी अध्यक्षांच्या घराण्याची कीर्ती झाली होती. वैद्यनाथरावांची अवस्था त्याहून वेगळी नव्हती. एकाचा सरदार पत्त्यांतला चाकू देवाआड दडपणारा निघाला, दुसऱ्याचा बटलर. आता कोणी कोणाला नावं ठेवायची? दोघांनी एकदम कॉफीचे पेले उचलले. मग वैद्यनाथरावांनी फेटा काढून मांडीवर ठेवला आणि मुहूर्त कधीचा धरायचा म्हणून विचारलं. त्या दिवसभरात त्यांनी बोललेलं ते पहिलं शहाणपणाचं वाक्य.

वेंकूबाईंनी चाकू पदराने पुसला, उघडला आणि तबकातलं एक कमलासंत्रं घेतलं. साल एका फितीत, न तुटता, गोल गोल खाली उतरली. आप्पा साहेबाच्या टेबलावरचं एक संत्रं रोज तिच्यासाठी आणत आणि असंच सोलून देत. पुढच्याच वर्षी ते गेले. तेव्हा ती अकरा वर्षांची. हे तिने अगदी साधेपणाने सांगितलं आणि पहिली फोड हरिणीच्या हातावर ठेवली.

मग तिने चाकू पुन्हा तबकात ठेवला. "द्या आतां रीतीने."

चाकू हातात द्यायचा नसतो, भांडण होतं. खाली ठेवायचा, घेणाऱ्याने उचलायचा. अण्णाने मला खूण केली. मी चाकू उचलून तिच्यापुढे पाटावर ठेवला. ठेवला खरा, पण माझी बोटं काही त्याच्यावरून निघेनात. मला लाज वाटली आणि रडूही आलं, हरिणीसाठी नाही, चाकूसाठी.

"तुजकडे किती आहेत?" म्हातारीने विचारलं.

वहिनी म्हणाली, "कुठें काय, कांहीं नाहींत."

"एकतीस," मी म्हटलं, आणि जाऊन तांदळाच्या पिंपातून डबा काढून आणला.

तिने एकेक उघडला, एकेक मिटला, कानाजवळ नेऊन ऐकला. चिनी चाकू बघितल्याबरोबर बाजूला फेकला. तासभर आम्ही दोघी जमिनीवर बसलो होतो आणि त्या तासात माझ्या लग्नाबद्दल तिने एक शब्द विचारला नाही. शेवटी आपला चाकू कमरेला खोचत म्हणाली, "हा मी मेल्यावर हरिणी तुज आणून देईल."

"घाई नाही," मी म्हटलं.

वहिनीने कपाळावर हात मारला. म्हातारी मात्र पुन्हा खदखदून हसली.

तेव्हापासून दर खंडेनवमीला मद्रासहून मला एक पोस्टकार्ड यायचं. मराठी, पण तमिळ अक्षरांत. मजकूर दर वर्षी एकच: 'मी अजून आहे. वेंकूबाई.' मीही उलट टपाली लिहायची: 'वाट पाहते. मंगला.' वहिनी म्हणायची, हा काय पत्रव्यवहार आहे? मला त्या तीन वर्षांत त्याच्याएवढी कोणत्याच टपालाची ओढ नव्हती.

नव्व्याण्णव साली पोस्टकार्ड आलं नाही. हरिणी आली. पर्समधून एक रुमाल काढून तिने माझ्यापुढे पाटावर ठेवला आणि हात मागे घेतला. "अत्तै, तूच उचल."

माझ्या आयुष्यात फुकट मिळालेला तो पहिला चाकू. किती तरी वेळ मी तो उचललाच नाही. तो नको होता मला. मला पोस्टकार्ड हवं होतं.

खंडेनवमी होती म्हणून रुमालासकट तसाच देवापुढे नेऊन ठेवला. गंध लावलं, अगदी थोडं, बिजागरीपासून लांब. अण्णा म्हणाला, राहू दे तिथेच आता, शोभतो. मी म्हटलं, तुझ्या आजोबांनीही असंच म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून मी उत्तरपूजा केली, अक्षता टाकल्या, चाकू उचलला आणि बाजारातून आणलेलं एक संत्रं सोलायला बसले. साल तीनदा तुटली.